ओला मका आणि आखाड्यावरचं कुत्रं

कन्नड तालुक्यात मका सोंगणीला येतो आणि त्याच सुमाराला परतीचा पाऊसही येतो. पिशोर, नागद, चिकलठाण, हतनूर, कुठल्याही शिवारात जा, कणसांचे ढीग ताडपत्रीखाली झाकलेले दिसतात आणि ताडपत्री उचलली की आतून उबट वास येतो. त्यातला चांगला मका मळून बाजारात जातो. ओल लागलेला, काळपट पडलेला, हिरवट-पिवळी बुरशी चढलेला मका मागं राहतो. तो टाकून द्यायला हात धजत नाही. मग त्याचा भरडा होतो. थोडा म्हशीला, थोडा कोंबड्यांना, आणि उरलेल्या पिठाची जाड भाकर आखाड्यावरच्या कुत्र्याला. या हंगामातला माझा पहिला सल्ला त्या भाकरीबद्दल आहे: ती देऊ नका.

१९७४ सालच्या अखेरीस गुजरातमधला पंचमहाल आणि त्याला लागून असलेला राजस्थानातला बांसवाडा या जिल्ह्यांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची एक साथ आली. दीडशेहून जास्त गावं त्यात सापडली आणि शंभरावर माणसं गेली. मक्याची भाकर हेच ज्यांचं रोजचं जेवण, अशी ती आदिवासी कुटुंबं होती. त्या वर्षी अवकाळी पावसात मका भिजला होता आणि तसाच साठवला गेला होता. तपासात त्या मक्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी आणि तिनं तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. माणसांबरोबर त्या गावांतली कुत्रीही याच आजारानं मेली होती, कारण घरातली भाकरच त्यांच्या वाट्याला येत होती. ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत मका घातलेलं कोरडं तयार खाद्य खाऊन शंभराच्या घरात कुत्री दगावली. तिथंही विष हेच होतं.

भाकर चांगली खरपूस भाजली की बुरशी मरते, असं आपल्याकडे समजतात. बुरशी मरते, हे खरं. पण तिनं दाण्यात सोडलेलं विष तव्याच्या आचेला दाद देत नाही. उकळल्यानं, उन्हात टाकल्यानं ते जात नाही. दाण्यावर बुरशी डोळ्यांना दिसत नसली, तरी आत विष असू शकतं. म्हैस कडबा, ओला चारा, सरकी असं दहा प्रकारचं खाते. कुत्र्याला मात्र सकाळ-संध्याकाळ एकाच पोत्यातल्या पिठाची भाकर मिळते आणि त्याच्या लहानशा शरीरात ते विष रोज थोडं थोडं साचत जातं. पहिला मार यकृतावर बसतो. कुत्रं आधी खाणं टाकतं, मलूल पडतं, ओकतं. मग डोळ्यांतला पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात, लघवी गडद होते, विष्ठेत रक्त येतं. रात्री रानडुकरावर धावून जाणारं कुत्रं ढिम्म बसून राहिलं, तर ते म्हातारं झालं असं म्हणून सोडू नका. पीठ त्याच दिवशी बदला आणि पशुवैद्याला दाखवा. पिवळेपणा दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

दाणा पुरेसा वाळला की नाही, हे घरच्या घरी बघता येतं. काचेची कोरडी बाटली घ्या, तिच्यात मूठभर मक्याचे दाणे आणि एक-दोन चमचे अगदी कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं चांगली हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं, तर दाण्यात साधारण १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे. असा मका पोत्यात भरू नका. ओलावा १२-१३ टक्क्यांवर आला, की साठवण बिनधोक होते. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. निवडताना फुटके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे बाजूला काढा. विषाचा मोठा वाटा त्यांच्यातच असतो. हे बाजूला काढलेले दाणे कुणाच्याच तोंडी जाऊ नयेत. दुभत्या म्हशीला घातले, तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच लेकरं पितात. खड्ड्यात गाडून टाका. नुकसान होतं, मला कळतं, पण ते नुकसान पावसानं आधीच करून ठेवलेलं आहे.

आता कुत्र्याला काय द्यायचं ते पाहू. गौताळा अभयारण्याच्या रानाला लागून ज्यांची शेतं आहेत, त्यांना कुत्र्याचं मोल सांगायला नको.  रानाच्या कडेच्या शिवारात बिबट्या, रानडुक्कर आणि रोही यांची चाहूल पहिल्यांदा लागते ती कुत्र्याला. ते रात्रभर बांधाबांधानं फिरतं, भुंकतं, धावतं. इतकं राबणाऱ्या जिवाला आपण दोन शिळ्या भाकरी आणि वाटीभर ताक देतो. त्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. ज्वारी, बाजरी, मका यांत प्रथिनं सगळी मिळून १० टक्क्यांच्या आसपास. कुत्र्याला साध्या दिवसांतही कोरड्या अन्नाच्या हिशेबानं किमान १८ टक्के लागतात आणि राबणाऱ्याला त्याहून जास्त. पळणाऱ्या कुत्र्याचं खरं इंधन चरबी. अलास्कात बर्फावरची गाडी ओढणारी कुत्री शर्यतीच्या दिवसांत रोज दहा हजार कॅलरींच्या आसपास खातात, आणि त्यातला मोठा भाग चरबीचाच असतो. आपलं कुत्रं इतकं पळत नाही, पण थंडीच्या रात्री उघड्यावर काढणाऱ्यालाही तेला-तुपाचा ओशटपणा हवाच.

समजा, तुमचं कुत्रं २० किलोचं आहे. वजन माहीत नसेल, तर त्याला उचलून धान्याच्या काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. रात्रीची राखण करणाऱ्या अशा कुत्र्याला दिवसाला सुमारे १३०० कॅलरी लागतात, आणि बिबट्याच्या वावरात रोज दूरवर पळावं लागत असेल, तर त्याहून कितीतरी जास्त. त्यासाठी चांगल्या ज्वारी किंवा बाजरीच्या २०० ग्रॅम पिठाच्या दोन मोठ्या भाकरी, ७०-७५ ग्रॅम तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ पार मऊ शिजवून, दोन उकडलेली अंडी आणि दीड पळी तेल घ्या. हे सगळं भाकरीत कुस्करून द्या. आठवड्यातून दोन-तीनदा अंड्यांऐवजी दीडशे ग्रॅम शिजवलेलं कोंबडीचं मांस कातडीसकट दिलं, तर फार चांगलं. शिजवलेली हाडं मात्र काढून टाका. ती टोकदार तुटतात आणि आतडं फाडतात. अंड्याची टरफलं वाळवून बारीक कुटून ठेवा आणि अर्धा चमचा पूड रोज जेवणात मिसळा, कारण धान्यात आणि मांसात चुना फार कमी असतो. ताक द्यायला हरकत नाही, पण ते डाळ-अंड्याची जागा घेत नाही. शेंगदाण्याची पेंड प्रथिनांची म्हणून काही जण घालतात. तिच्यातही तेच अफ्लाटॉक्सिन असण्याची भीती असते, म्हणून या दिवसांत मी ती टाळायलाच सांगतो.

हे माप प्रत्येकाला तंतोतंत लागू पडेल असं नाही. बरगड्यांवर तळहात फिरवा. त्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. दुरून सगळ्या मोजता येत असतील, तर जेवण वाढवा. चाचपूनही सापडत नसतील, तर भाकर कमी करा, डाळ आणि अंडी कमी करू नका. कारवानी किंवा पश्मी जातीचं कुत्रं बाळगणाऱ्यांनी मात्र मागच्या एक-दोन बरगड्या दिसल्या म्हणून घाबरू नये, त्यांची ठेवणच तशी असते.

जेवणाची वेळही महत्त्वाची आहे. घरच्यांची जेवणं आटोपली, की रात्री नऊला कुत्र्याला सगळं एकदम घालायचं आणि लगेच रानात सोडायचं, हा आपला रिवाज. भरल्या पोटी जोरात पळणाऱ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडू शकतो, आणि तसं झालं तर काही तासांत जीव जातो. म्हणून संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तिसरा हिस्सा द्या आणि उरलेले दोन हिस्से सकाळी, राखणीवरून परतून तासभर विसावल्यावर. पाणी दिवसरात्र भरलेलं हवं. आखाड्यावर माणसासाठी माठ असतो, कुत्र्यासाठी एक दगडी डोणी ठेवा आणि रोज धुवा.

याच दिवसांत आणखी एक जीव उपाशी राहतो, तो म्हणजे व्यालेली कुत्री. भाद्रपदात माजावर आलेली कुत्री साधारण ६३ दिवसांनी वितात, म्हणजे पिलं येतात ती कार्तिक-मार्गशीर्षात. घरात ओला मका आणि बाहेर पहिली थंडी, नेमक्या त्याच दिवसांत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिलांना पाजताना तिची भूक नेहमीच्या तिपटीपर्यंत जाते. तिला माप लावू नका. दिवसातून तीन-चार वेळा, खाईल तितकं द्या. बुरशीच्या पिठाची एक भाकरही तिच्या वाट्याला येऊ देऊ नका.

घाटाखालून-घाटावरून मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर बांधवांना एक वेगळं सांगायचं आहे. मेंढरू कापलं किंवा मेलं, की कलेजी-फुफ्फुसं कुत्र्यांपुढे टाकली जातात. त्या काळजावर पाण्यानं भरलेल्या फुग्यासारख्या गाठी दिसल्या, तर ते कुत्र्याला कच्चं कधीच घालू नका. त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर येतात. तिथून ती मेंढरांत जातात आणि वाड्यावरच्या माणसांतही. माणसाच्या यकृतात लिंबापासून नारळाएवढी गाठ धरते आणि शेवटी ऑपरेशन करावं लागतं. असा अवयव खोल पुरा. बाकीचं मांस निदान अर्धा तास उकळून द्या. कुत्र्यांना फीतकृमीचं औषध पशुवैद्याला विचारून ठरलेल्या अंतरानं देत चला.

कांद्याचं एक सांगतो. उन्हाळी कांद्याची लागवड आता जवळ आली आहे, चाळींत जुना सडका कांदा अजून आहे, आणि आपल्या बेसनाला, कोरड्यासाला कांद्या-लसणाशिवाय चव नाही. ते उरलेलं बेसन भाकरीवर ओतून कुत्र्याला देतात. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या अर्धा टक्का कांदा, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एक बेताचा कांदा, इतकाही एका वेळी अपाय करू शकतो. कुत्र्याची डाळ फोडणी देण्याआधीच बाजूला काढली, की प्रश्न मिटतो. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचं आमिष ठेवाल, तेव्हा ते बिळात सारून बीळ बुजवा आणि त्या रात्री कुत्रं बांधून ठेवा. तेल लावलेल्या भरड्याच्या वासाला ते हमखास जातं.

कुत्रं मलूल वाटलं, ओकलं, डोळे पिवळे दिसले, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. फोन करताना गेल्या पंधरा दिवसांत त्याला कुठल्या पिठाची भाकर घातली, ते आठवून सांगा आणि त्या पिठाची मूठभर पुडी जपून ठेवा. आणि यंदाच्या ओल्या मक्याचं पीठ डब्यात असेलच, तर आज संध्याकाळी त्याच्यासाठी ज्वारीची भाकर टाका.