रस्त्याकडेच्या पाट्या कशा वाचाव्यात?

वाणिज्य शाखेत प्रारंभीच शिकवतात की नोंद म्हणजे व्यवहार नव्हे. ती व्यवहाराची खूण आहे. नोंद कोणी केली, कशाच्या आधारे केली आणि काय नोंदवायचे राहिले, हे पाहणे म्हणजे हिशेबतपासणी. रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाट्या, कोनशिला व पुतळे यांनाही हीच कसोटी लावावी असे मला वाटते. उदाहरणासाठी मी बडोदे शहर घेतले आहे.

अशा खुणांची प्रथा आपल्या सीमाभागाला नवी नाही. ‘वीरगळ’ हा शब्द मुळात कन्नड. ‘कल्लु’ म्हणजे दगड. गाव किंवा गुरे राखताना पडलेल्या वीराची ती नोंद. जुन्या दानलेखांत दान कोणी, कोणाला, किती दिले हे सांगून शेवटी ते मोडणाऱ्यास शाप दिलेला असे. आज शापाची जागा कायद्याने घेतली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित वास्तूची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. परदेशातही हेच काम निराळ्या रीतीने चालते. लंडनमध्ये थोरांच्या घरांवर पाट्या लावण्यास १८६७ साली सुरुवात झाली, तर अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याने १९२७ पासून मोटारीने जाणाऱ्यांसाठी हमरस्त्यांवर इतिहासाचे फलक उभारले.

आता बडोद्याकडे वळू. प्रतापनगरजवळचा हजिरा ही कुतुबुद्दीन महंमद खान या अकबराच्या सरदाराची कबर. गुजरातच्या शेवटच्या सुलतानाने त्याला १५८३ साली मारले. शहरातील तांबेकर वाडा हा १८४९ ते १८५४ या काळात दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. त्याच्या भिंतींवर महाभारत, कृष्णलीला व इंग्रज-मराठे युद्धाची चित्रे आहेत. दोन्ही वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. मात्र संरक्षणाची पाटी प्रामुख्याने कायदा सांगते. चित्रे कोणी काढली, वाडा कोणाच्या श्रमाने उभा राहिला, हे तिच्यावरून कळत नाही.

खरी तपासणी सयाजीबागेत होते. बागेच्या दाराशी महाराज सयाजीराव गायकवाड यांचा अश्वारूढ पुतळा आहे. लोक त्याला ‘काळा घोडा’ म्हणतात. तो महाराजांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९०७ साली उभारला गेला. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेस गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत आले आणि महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून काम करू लागले. पण ‘अस्पृश्य’ म्हणून शहरात त्यांना घर मिळेना. पारशी धर्मशाळेत दुसऱ्या नावाने राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, तेवढे तास त्यांनी या बागेत काढले. ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला लोक तेथे जमतात. ती राष्ट्रीय महत्त्वाची जाहीर करावी, अशी शिफारस राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने २०२२ साली केली.

म्हणजे पुतळ्याच्या नोंदीनंतर वटवृक्षाखालच्या नोंदीला इतका काळ लागला. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. शिष्यवृत्ती देणारे संस्थान आणि घर नाकारणारे शहर एकच होते. ताळेबंदाची एकच बाजू वाचणाऱ्यास यातले अर्धेच कळेल. राजाज्ञेने शिष्यवृत्ती मिळू शकते, शेजार मिळत नाही, हा धडा दोन्ही खुणा एकत्र वाचल्यावरच हाती लागतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांना माझी एक सूचना आहे. आपापल्या गावातील एक पाटी, कोनशिला किंवा वीरगळ निवडावा आणि वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : ही खूण कोणी व केव्हा उभारली? तिच्यातील विधानास दुसरा कोणता पुरावा आहे? याच जागी घडलेले, पण येथे न लिहिलेले काय? तिसऱ्या प्रश्नासाठी गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल, आणि ते एकाच आळीतले असून चालणार नाही.