यादवीत समेटाची हाक

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी नांदेड, लातूर व सर्व मराठवाड्यात झेंडावंदन होते, आणि हैदराबाद संस्थान निजामाच्या सत्तेतून मोकळे झाल्याचे स्मरण केले जाते. हे स्मरण योग्यच आहे. परंतु त्या दिवशी जी गोष्ट सांगितली जाते ती बहुधा लढणाऱ्यांची असते. लढाई होऊ नये, बोलणे करून तंटा मिटावा, म्हणून ज्या नागरिकांनी आपला जीव धोक्यात घातला त्यांची नावे खेड्यांतील मुलांस ठाऊक नसतात. ह्या पाठात त्यांचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे. उपदेशक बंधूंनी हा पाठ मंडळीत वाचण्यापूर्वी स्वतः दोनदा वाचावा. कारण ही गोष्ट आपल्याच गावांची आहे, आणि तीत दोन्हीकडील लोकांस दुखावणारे पुष्कळ आहे.

१. तंटा कशाचा होता

सन १९४७ त इंग्रजांचे राज्य गेले, तेव्हा हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांनी हिंदुस्थानात सामील न होता स्वतंत्र राहण्याचे ठरविले. संस्थानातील बहुसंख्य प्रजा हिंदू होती, व राज्यकारभारात प्रजेचा शब्द चालावा अशी स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या स्टेट काँग्रेसची मागणी होती. उलटपक्षी इत्तेहादुल मुसलमीन ह्या संस्थेने रझाकार नावाचे सशस्त्र स्वयंसेवक उभे केले. त्यांचे पुढारी कासीम रझवी हे लातूर येथे वकिली करीत असत. रझाकार गावे लुटू व जाळू लागले. सीमेपलीकडील शिबिरांतून स्टेट काँग्रेसचे तरुण संस्थानात सशस्त्र छापे घालू लागले. एका विहिरीचे पाणी पिणारे लोक एकमेकांस भिऊ लागले. ह्यालाच आपल्या भाषेत यादवी म्हणतात. परक्या शत्रूशी झालेले युद्ध तह होताच संपते. यादवीतील शत्रू मात्र उद्या पुन्हा शेजारीच राहावयाचा असतो.

२. बोलणी कशी अडली

समेटाचा मार्ग कोणास दिसत नव्हता असे नाही. सन १९४७ च्या ऑक्टोबरात निजामाच्या शिष्टमंडळाने दिल्लीस जाऊन ‘जैसे थे’ कराराचा मसुदा तयार केला होता. पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉंक्टन व सर सुलतान अहमद हे तिघे २७ ऑक्टोबर रोजी पुन्हा दिल्लीस निघणार, तोच पहाटेच्या अंधारात मोठ्या जमावाने त्यांच्या घरांस वेढा घातला व त्यांस जाऊ दिले नाही. नवाबांनी अधिकारपद सोडले. पुढे जवळजवळ तशाच मसुद्यावर २९ नोव्हेंबर रोजी सह्या झाल्या. परंतु तोवर बोलणी करणारांचे वजन गेले होते, आणि धमकी देणारांचे वाढले होते. सन १९४८ च्या जूनमध्ये आणखी एक मसुदा झाला. त्यात जबाबदार राज्यपद्धती आणावी व रझाकार संघटना क्रमाने मोडावी अशा गोष्टी होत्या. निजामाने तोही स्वीकारला नाही.

३. आपल्याच लोकांस ‘थांबा’ म्हणणारे

अशा वेळी शत्रूस दोष देणे सोपे असते. तसे केल्याने आपले लोक टाळ्या वाजवितात. आपल्या पक्षास त्याचा दोष दाखविणे फार कठीण असते. तरी काहींनी ते केले.

फरीद मिर्झा हे नांदेड जिल्ह्यात तहसीलदार होते. रझाकारांची कृत्ये पाहून त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. संस्थानचे मंत्री जे. व्ही. जोशी ह्यांनी नांदेड जिल्ह्यातील लोहा गावाची झालेली दशा डोळ्यांनी पाहिली, आणि त्यांनीही मंत्रिपद सोडले. पुढे १९४८ च्या ऑगस्टात बाकर अली मिर्झा, फरीद मिर्झा इत्यादी सात मुसलमान नागरिकांनी आपल्या सह्यांनिशी एक जाहीर पत्रक काढले. रझाकार संघटना मोडून टाकावी, प्रजेस जबाबदार राज्यपद्धती द्यावी, आणि हिंदुस्थानाशी सलोखा करून त्यात सामील व्हावे, असा त्याचा आशय होता. हे सात जण निजामाचे वैरी नव्हते. आपले राज्य, आपले शहर व आपला समाज विनाशाकडे चालला आहे हे पाहून ते बोलले.

‘इमरोज’ ह्या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी ह्या मताचा पुरस्कार केला. रझाकारांविरुद्ध लिहिणाऱ्यांचे हात तोडले जातील अशा धमक्या त्या दिवसांत उघड दिल्या जात होत्या. २१ ऑगस्टच्या रात्री काम आटोपून ते घरी परतत असता मारेकऱ्यांनी त्यांस गाठले, गोळ्या घातल्या व हात तोडला. त्यांच्यासोबत असलेले त्यांचे मेहुणे इस्माईल खान हेही जबर जखमी झाले. शोएबुल्ला खान ह्यांचा प्राण गेला. ज्या हाताने समेटाचे लिहिले तोच हात तोडावा असे मारेकऱ्यांस वाटले, ह्यावरून त्या लेखणीचे त्यांस किती भय होते हे दिसून येते.

४. हाक न ऐकल्याचे मोल

त्या पत्रकानंतर थोड्याच काळाने, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, हिंदुस्थानचे सैन्य संस्थानात शिरले व १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. लढाई पाच दिवसांत संपली. यादवी मात्र संपली नाही. रझाकारांनी जे केले त्याचा सूड पुष्कळ ठिकाणी ज्यांनी काहीच केले नव्हते अशा मुसलमान शेजाऱ्यांवर उगविण्यात आला. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींस पाहणीकरिता पाठविले. नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत ते गावोगाव फिरले. एकंदर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज होता, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाली असे त्यांनी लिहिले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालल्या, व सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शहरात आढळले, अशी त्यांची नोंद आहे. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. सन २०१३ च्या सुमारास तो सर्वांस पाहावयास मिळाला.

परंतु त्याच अहवालात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती आपण विसरू नये. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बंधूंस हल्लेखोर हिंदूंपासून वाचविले, आणि तसे करताना त्यांतील काहींनी स्वतःचा जीवही दिला. त्या सात जणांनी जे पत्रकात लिहिले, तेच ह्या विणकरांनी आपल्या उंबरठ्यावर उभे राहून केले. दोघांनीही आपल्याच लोकांस ‘थांबा’ म्हटले.

५. दूरच्या एका देशाचे उदाहरण

कोणी म्हणेल की, सात माणसांनी काय होणार? ती हाक तर व्यर्थच गेली. ह्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आफ्रिकेतील लायबेरिया देशाकडे पाहू. तेथे १९८९ पासून यादवी चालली होती. सन २००३ त ख्रिस्ती व मुसलमान स्त्रिया मन्रोव्हिया शहरात, मासळीबाजाराजवळच्या मैदानावर, पांढरी वस्त्रे नेसून ऊनपावसात रोज बसू लागल्या. लेमा ग्बोवी ही त्यांची एक पुढारी होती. घाना देशातील आक्रा शहरी तहाची बोलणी सुरू होऊन रेंगाळली, तेव्हा त्यांतील स्त्रिया तेथे गेल्या व सभागृहाच्या दाराशी हातांत हात गुंफून बसल्या. करार झाल्याखेरीज कोणी बाहेर पडू नये, असा त्यांचा आग्रह होता. १८ ऑगस्ट २००३ रोजी तह झाला.

आता दोन्ही जमाव शेजारी ठेवून पाहा. हैदराबादेत जमावाने दार अडविले ते बोलणाऱ्यांनी बोलण्यास जाऊ नये म्हणून. आक्रा येथे स्त्रियांनी दार अडविले ते बोलणाऱ्यांनी बोलणे टाकून उठू नये म्हणून. हैदराबादच्या सात जणांचा विचार चुकीचा नव्हता. उणे होते ते एवढेच की, त्यांच्या मागे दाराशी येऊन बसणारी माणसे नव्हती, आणि त्यांनी उघडपणे हाक दिली तोवर फार उशीर झाला होता.

६. ह्यावरून आपण काय शिकावे

पहिले हे की, समेटाची हाक लवकर दिली पाहिजे. रक्त सांडल्यावर शहाणे बोलणेही कोणाच्या कानात शिरत नाही.

दुसरे हे की, समेट सांगणाऱ्याने प्रथम आपल्या घरच्यांस सांगावे. गावात बांधावरून, पाण्यावरून वा जातीवरून कलह पेटला, तर दुसऱ्या आळीचे दोष मोजणारे शंभर मिळतात. आपल्या आळीत उभे राहून बोलणारा एक हवा असतो. त्यास एकटे सोडू नये.

तिसरे हे की, गोष्ट अर्धी सांगू नये. लोह्याची राख सांगावयाची आणि लातूरचे वीस दिवस झाकावयाचे, किंवा लातूर सांगून लोहा झाकावयाचे, ही दोन्ही असत्येच होत. आपल्या गावांत अद्याप अशी घरे आहेत की ज्यांच्या आजोबांचे ह्यांपैकी कोठेतरी काही हरवले आहे. दोघांचेही दुःख एका बैठकीत सांगता आले, तर त्या वर्षाचा उरलेला समेट आपण केला असे होईल.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. सात नागरिकांनी पत्रकात काय मागितले? ते कोणास उद्देशून होते?
२. हैदराबाद व आक्रा येथील जमावांच्या हेतूंत काय अंतर होते?
३. विणकरांनी शेजाऱ्यांस वाचविले. त्यांचा धंदा एक होता ह्याचा काय परिणाम झाला असावा?
४. आपल्या गावात सध्या कोणता कलह धुमसत आहे? त्यात आपल्याच पक्षास ‘थांबा’ कोण म्हणेल, आणि त्याच्यासोबत कोण उभे राहील?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देऊन लगेच घरी जाऊ नये. त्यावर आठवडाभर विचार करावा, आणि पुढील बैठकीत नावे सांगावी.