पोराला फुटबॉलमध्ये घालायचंय, पण पैशाचं काय?

१४ डिसेंबर २०२५ला मेसी वानखेडेवर येऊन गेला आणि या सदराच्या टपालात फुटबॉलची पत्रं एकदम वाढली. खेळ कसा सुधारायचा ते प्रशिक्षकाला विचारा, मी पैशाच्या बाजूचं सांगतो. पत्रं लांबलचक होती, ती मुद्द्यापुरती छाटली आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. शाळेकडून विभागीय स्पर्धेपर्यंत खेळला. दुसऱ्या शहरातली एक निवासी अकादमी वर्षाला साडेचार लाख मागते. पाच वर्षं ठेवलं तर 'आयएसएलच्या ट्रायलची हमी' देते. पाथर्डी फाट्याजवळचा प्लॉट विकायचं ह्यांच्या मनात आहे. काय करावं? — एक आई, सिडको

उत्तर : प्लॉट विकू नका. फी एक रुपयाने वाढली नाही असं धरलं तरी पाच वर्षांचे साडेबावीस लाख होतात. स्टड, फिजिओ, स्पर्धांसाठीचा प्रवास हे त्याशिवाय. आणि एवढं करून हातात काय पडणार, तर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, ट्रायल! ट्रायल म्हणजे नोकरीचा अर्ज. अर्ज भरायला मिळेल याची हमी कुणी साडेबावीस लाखांना विकत घेतं का?

माझी कसोटी सोपी आहे. ज्यांना मुलगा खरोखर हवा असतो ते त्याच्यावर स्वतः खर्च करतात. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७पासून हेच करत आली आहे. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स आहे, राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. राहणं, जेवण, शिक्षण संस्थेकडे. तिथे निवड होणं कठीण आहे, कबूल. पण निवड झाली नाही तर मुलगा आज कुठे उभा आहे ते तरी फुकटात कळतं. तेच कळायला पाच वर्षं आणि एक प्लॉट घालवण्यापेक्षा हे बरं.

फी घेणारी प्रत्येक अकादमी लुबाडणारी असते असं नाही. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारा. एआयएफएफची, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता आहे का? महासंघाच्या युवा लीगमध्ये संघ उतरतो का? मुलांची महासंघाच्या 'सीआरएस' या नोंदणी प्रणालीत नोंद होते का? आणि गेल्या तीन वर्षांत किती मुलांनी कुठल्या क्लबशी लेखी करार केला, त्यांची नावं? 'आमची खूप मुलं पुढे गेली' हे उत्तर चालवून घेऊ नका.

फाटकावरच्या परदेशी नावालाही भुलू नका. पुण्यात डीएसके शिवाजियन्सची थेट लिव्हरपूल क्लबच्या नावाची निवासी अकादमी होती. तो क्लबच २०१७मध्ये बंद पडला.

सीआरएस नोंदीचा मुद्दा मी मुद्दाम घातला. खेळाडू पुढे परदेशी क्लबकडे विकला गेला तर त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना फिफाच्या नियमाने त्या रकमेतला पाच टक्के हिस्सा मिळतो. हा पैसा क्लबांचा, तुमचा नव्हे. पण एखाद्या अकादमीला या नोंदीचं काहीच पडलेलं नसेल, तर तुमच्या मुलाच्या भविष्यातून आपल्याला काही मिळेल अशी तिला स्वतःलाच आशा नाही, असं समजा. तिची कमाई फीची.

दहावीपर्यंत मुलाला नाशिकातच खेळू द्या.

प्रश्न : नातू म्हणतो, आयएसएलमध्ये कोटीत पैसा आहे. आमच्या द्राक्षबागेत एक गारपीट झाली की वर्ष गेलं. त्यापेक्षा फुटबॉल बरा नाही का? — एक आजोबा, निफाड

उत्तर : आजोबा, गारपीट तिकडेही होते, आणि पीकविमा नसतो.

कोटीचा आकडा खोटा नाही, पण तो थोड्यांचा आहे. आयएसएलमध्ये संपूर्ण संघाच्या पगारावर काही वर्षं साडेसोळा कोटींची मर्यादा होती. तीस जणांत सारखे वाटले तर प्रत्येकी पंचावन्न लाख. सारखे वाटले जात नाहीत. सहापर्यंत परदेशी खेळाडू आणि राष्ट्रीय संघातली मोजकी नावं मोठा घास घेतात आणि बाकावर बसणाऱ्या विशीतल्या मुलाच्या वाट्याला त्यातला छोटा तुकडा येतो. मुळात देशभरात या लीगचे क्लब चौदा. म्हणजे जागा काही शे, उमेदवार लाखोंनी.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चांगला खेळणारा मुलगाही रस्त्यावर येऊ शकतो, कारण क्लबच नाहीसा होतो. आपल्या महाराष्ट्राचंच बघा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये संघ बंद केला. सातपूरला गाड्या बनवणारी तीच महिंद्रा. कंपनीला काहीच धाड भरली नव्हती, फक्त धोरण बदललं. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार व्यावसायिक क्लब उभे राहिले. २०१९ संपेपर्यंत एकही उरला नाही. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. मुंबई एफसी २०१७मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि संपला. गोव्यात फुटबॉल रक्तात आहे म्हणतात, पण तिथेही साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो २०१६मध्ये आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून बाहेर पडले.

एफसी पुणे सिटीची पुढची कथा ऐका. त्या क्लबची जागा घेऊन २०१९मध्ये हैदराबाद एफसी आला. २०२१-२२मध्ये तो आयएसएलचा विजेता ठरला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा मुलगा, २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. यशाची गोष्ट हवी तर ही खरी आहे. पण त्याच हैदराबाद क्लबमध्ये दोन हंगामांत पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली. २०२५मध्ये क्लब उठून दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. विजेतेपदानेही क्लब एका जागी टिकला नाही.

२०२५मध्ये तर सगळी लीगच अडकली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला व्यापारी हक्कांचा करार डिसेंबरात संपत होता, नवा ठरत नव्हता, म्हणून जुलैत हंगाम थांबवला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. महासंघाने निविदा काढली, तिला एकही बोली आली नाही. शेवटी जानेवारी २०२६मध्ये क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल असं जाहीर केलं. दरम्यान मँचेस्टर सिटीची मालक संस्था मुंबई सिटीतून बाहेर पडली. सुनील छेत्रीच्या बेंगळुरू क्लबचं असं झालं, तर इतरांचं काय बोलावं.

हे दुखणं फक्त आपलं नाही. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६मध्ये ५४ देशांतल्या जवळपास चौदा हजार व्यावसायिक खेळाडूंना विचारलं. ४१ टक्क्यांना आधीच्या दोन वर्षांत पगार उशिरा मिळाला होता. ४५ टक्क्यांहून अधिकांची कमाई महिन्याला हजार डॉलरच्या आत होती. करार सरासरी दोन वर्षांपेक्षाही कमी मुदतीचे.

नातवाला खेळू द्या आजोबा, बाग मात्र त्याच्या नावावर राहू द्या.

प्रश्न : वय १९, डिप्लोमाचं दुसरं वर्ष. मुंबईतल्या एका क्लबने महिना पंधरा हजार आणि राहायची सोय असं तोंडी सांगितलंय. घरचे म्हणतात कॉलेज सोडू नको. सर, तुम्ही सांगा. — नाशिकरोड

उत्तर : पहिलं म्हणजे 'तोंडी' हा शब्द काढून टाक. कागद माग.

दुसरं, पंधरा हजार किती महिने? खालच्या लीगमध्ये बहुतेक वेळा हंगामापुरतेच पैसे मिळतात. आठ महिने धरले तर एक लाख वीस हजार. खेळाडूला मिळणारा मोबदला व्यावसायिक सेवेत धरला तर दहा टक्के टीडीएस कापतात, म्हणजे बारा हजार गेले. एवढ्या उत्पन्नावर तुला कर लागत नाही, त्यामुळे ते परत मिळतात, पण विवरणपत्र भरलंस तरच. कितीतरी मुलं भरत नाहीत आणि ते पैसे सोडून देतात. उरलेले पैसे बारा महिन्यांना वाटले तर महिना नऊ हजार. त्यात मुंबई. राहायची सोय म्हणजे सहा जणांत एक खोली की दोघांत, जेवण धरून की सोडून, तेही कागदावर येऊ दे.

करारात मुदतीच्या तारखा, पगार देण्याचा दिवस, दुखापत झाल्यावर उपचाराचा खर्च कोण करणार आणि त्या काळात पगार चालू राहणार का, हे पाहा. महासंघाकडे करार नोंदवला जाणार का, ते विचार. नोंदवलेला करार असेल तर तुझ्या हातात काहीतरी असतं. फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकला, तर खेळाडू क्लबला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत देऊ शकतो. तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडून मोकळा होऊ शकतो. महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे दादही मागता येते. पण ही वाट धरायला सगळा व्यवहार कागदावर लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'हो जायेगा भाई' तिथे चालत नाही.

कॉलेज सोडू नकोस, हे घरचे बरोबर सांगतात, आणि त्याचं कारण फुटबॉलमध्येच आहे. आपल्याकडे फुटबॉलपटूचं घर बहुधा चालतं ते नोकरीवर. रेल्वे, पोलीस, सेनादलं, बँका यांचे संघ मुंबईच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण पदासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता तिथे माफ होत नाही. डिप्लोमा अर्धवट सोडलेल्याला चांगला स्ट्रायकर असूनही खालच्याच पदाचा अर्ज भरावा लागतो. नाशिककरांना हे समजवायला नको. कविता राऊत धावली, पाठीशी ओएनजीसीची नोकरी होती. चांदवडचा दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकला वल्हवायला गेला तो लष्करातून.

प्रमाणपत्रांबद्दल एक सांगतो. आरक्षणासाठी ती विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावी लागतात. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आणि नियमात बसणारी हवी. आमदार चषक, नगरसेवक चषक यांचे करंडक शोकेसमध्ये झकास दिसतात, पडताळणीत उपयोगी पडत नाहीत. जिल्हा संघाकडून राज्य स्पर्धा, राज्याकडून संतोष ट्रॉफी ही वाट धर. मुंबईला जा, पण कॉलेजशी बोलून परीक्षा सांभाळ.

प्रश्न : सोळा वर्षांच्या भाच्याला एक 'एजंट' युरोपात ट्रायलला नेतो म्हणतो. साठ हजार आधी, तीन लाख व्हिसा आल्यावर. — सातपूर

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. अठराच्या आतल्या खेळाडूची परदेशी क्लबकडे नोंदणी करायला फिफाची बंदी आहे. अपवाद मोजके आहेत, जसं की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. सातपूरच्या मुलाला त्यातला एकही लागू होणार नाही. म्हणजे ट्रायलमध्ये त्याने पाच गोल मारले तरी क्लब त्याला घेऊ शकत नाही.

एजंटाला फिफाचा परवाना लागतो, तो परीक्षा देऊन मिळतो, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. भाच्याला तिथे नाव शोधायला सांगा. परवाना असलेला एजंट खेळाडूच्या कमाईतून टक्क्याने पैसे घेतो. कमाईच्या आधी जो रोख मागतो, तो ट्रॅव्हल एजंट. पोर्तुगालमध्ये २०२३ साली पोलिसांनी एका निवासी फुटबॉल अकादमीवर छापा घातला, तेव्हा वेगवेगळ्या खंडांतून स्वप्नं दाखवून आणलेली डझनावारी मुलं तिथे सापडली, त्यातली बरीच अल्पवयीन. तपास मानवी तस्करीचा होता.

प्रश्न : मुलगी फुटबॉल खेळते, जिद्दी आहे. मुलींना यात काही मिळतं का? — मनमाड

उत्तर : मुलांपेक्षा बरंच कमी. महिलांची राष्ट्रीय लीग २०१६-१७मध्ये सुरू झाली. २०२३मध्ये महासंघाने ठरवलं की लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय मुलींना वर्षाला किमान तीन लाख वीस हजार द्यावेत. महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार झाले. तेही वरच्या श्रेणीतल्या मोजक्या क्लबांत. त्यामुळे मुलीच्या बाबतीत नोकरीचा रस्ता पहिला, क्लबचा दुसरा. आरक्षणाचं आणि पडताळणीचं वर लिहिलेलं सगळं तिलाही लागू. तुम्ही रेल्वेच्या गावात राहता, रेल्वेच्या खेळाडू भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

प्रश्न : वय २४. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, शस्त्रक्रियेला वडिलांची बचत गेली. क्लबने हात वर केले. आता पुढे? — पंचवटी

उत्तर : करारात उपचाराचं कलम होतं का ते आधी पाहा. असेल तर क्लबला लेखी मागणी करा आणि दाद मागण्याची वाट वर दिली आहे. नसेल तर त्या पैशाचा नाद सोडावा लागेल, वाईट वाटतं पण खरं आहे. यापुढे विमा घेताना पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. वैयक्तिक अपघात विम्यात पैसे घेऊन खेळताना झालेली दुखापत अनेकदा वगळलेली असते.

चोविसाव्या वर्षी फुटबॉल संपत नाही. महासंघाचा प्रशिक्षणाचा डी परवाना करा, मग सी. शाळांना परवानाधारक प्रशिक्षक हवे असतात आणि जिल्ह्यात रेफ्रीही कमीच. दोन्हीत पैसा बेताचा आहे, पण गुडघ्याचं नऊ-दहा महिन्यांचं पुनर्वसन चालू असताना अभ्यास करता येतो. पदवी राहिली असेल तर मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे.

वाचकांना एक विनंती. करार दाखवायचा असेल तर सही करण्याआधी पाठवा. या वेळच्या पत्रांतले बरेच कागद सही झाल्यानंतर आले.