आंबवणीचा फुकट गॅस: वापरण्याआधी हिशेब करा



सानगडीच्या बाजारात सोडा विकायचाय, किंवा पुढे परवाना काढून बिअरचा छोटा प्रकल्प टाकायचाय, दोघांनाही एक प्रश्न पडतो. आंबवताना निघणारा गॅसच पेयात भरला तर सिलिंडरचा खर्च वाचेल का? वाचतो. पण आधी गणित बघा.

यीस्ट 180 ग्रॅम ग्लुकोज खातं तेव्हा साधारण 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे जवळपास निम्मं-निम्मं. 5 टक्के अल्कोहोलची 20 लीटर बिअर आंबली की सुमारे 750 ग्रॅम गॅस निघतो. फेसासाठी लागतो लीटरमागे 5 ग्रॅम, म्हणजे एकूण 100 ग्रॅम. बाकीचा हवेत!

हा गॅस वापरायच्या तीन पद्धती:

1. बाटलीत: बिअर पूर्ण आंबल्यावर लीटरमागे सुमारे 6 ग्रॅम साखर घालून बाटली घट्ट बंद करतात. आधीच विरघळलेल्या गॅसमध्ये नव्याची भर पडते.

2. टाकीत: लीटरमागे साधारण 10 ग्रॅम आंबणारी साखर शिल्लक असतानाच टाकी बंद करतात. दाब ठरवणारा व्हॉल्व्ह जास्तीचा गॅस सोडून देतो.

3. नळीने: गॅस रिकाम्या पिंपात सोडतात. याने फेस येत नाही, पण आतली हवा बाहेर जाते आणि बिअरची चव टिकते.

आता धोका. लीटरमागे 5 ग्रॅम गॅस असेल तर 20 अंश तापमानाला बाटलीत सुमारे 2 बार दाब असतो, 40 अंशांना तो 4 बारच्या आसपास जातो. आपल्याकडचा मे महिना आठवा. साखर थोडी जास्त पडली किंवा आंबवण अर्धवट राहिली, की काचेची बाटली फुटते. साध्या बाटल्या वापरूच नका. बंद खोलीत हा गॅस खाली साचतो आणि जीव गुदमरतो, म्हणून खोली हवेशीर हवी.

दुसरा धोका कायद्याचा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. "घरीच पितो" म्हटलं तरी सुटका नाही. आधी राज्य उत्पादन शुल्क विभाग, मग भांडी.

सोडावाल्यांनो, तुम्हीही थांबा. यीस्ट घालून आल्याचा सोडा बाटलीतच फसफसवला, तर 5 ग्रॅम गॅसबरोबर 5 ग्रॅमहून थोडं जास्त अल्कोहोलही तयार होतं. म्हणजे सुमारे 0.65 टक्के. अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांत 0.5 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं पेय मद्य ठरतं. सरबत विकायला गेलात आणि नकळत दारू विकलीत!

गंमत बघा, सोड्याचा जन्मच बिअरच्या गॅसमधून झाला. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टलीने बिअर कारखान्याच्या पिंपावर साचलेला गॅस पाण्यात मुरवला, आणि 1772 मध्ये सोडावॉटरची कृती छापली. त्याच्या पाण्यात फक्त गॅस उतरला, अल्कोहोल पिंपातच राहिलं. हाच फरक लक्षात ठेवा.

म्हणून छोट्या सोडावाल्याला माझा सल्ला: खाद्य दर्जाचा सिलिंडरच घ्या. परवानाधारक बिअरवाल्याने मात्र हा गॅस जरूर वापरावा.

गृहपाठ: एका बाटलीमागे सिलिंडरचा गॅस किती पैशांचा पडतो, ते वहीत काढा. तो आकडा बघितल्यावरच "फुकट" शब्द वापरा.