पाइप वाकवायला यंत्र आलं, आता सेटर हवा

भोसरी, वाळूज किंवा सातपूरच्या एखाद्या लहान कारखान्यात स्टेनलेस स्टीलच्या २० पाइपांची ऑर्डर येते. प्रत्येक पाइपला सहा वाक, प्रत्येकाची दिशा वेगळी. पुढच्या ऑर्डरचं ड्रॉइंग पुन्हा निराळं. १०,००० नगांच्या लॉटमध्ये सेटिंग करताना दोन पाइप वाया गेले, तर ते खर्चात मुरून जातात. २० मध्ये तेच दोन म्हणजे १० टक्के माल भंगारात. छोट्या लॉटचं ऑटोमेशन अवघड आहे ते यामुळेच, आणि शिकलेल्या हातांची गरजही इथेच आहे.

यंत्रं आली की नोकऱ्या जातील, ही पालकांची धास्ती निराधार नाही. दिवसभर दांडा ओढून एकच वाक काढण्याचं काम कमी होत जाणार, हे मुलांना स्पष्ट सांगावं.

पण सीएनसी बेंडिंग मशीनला प्रत्येक वाकासाठी मुख्यतः तीन आकडे द्यावे लागतात: पाइप किती पुढे सरकवायचा, किती फिरवायचा आणि किती अंशांत वाकवायचा. हे आकडे ड्रॉइंगवरून सॉफ्टवेअर काढून देतं. तरी पाइप त्यांच्याबरहुकूम वाकतोच असं नाही. ९० अंशांत वाकवून क्लॅम्प सोडला की तो थोडा उलगडतो. कारखान्यात याला स्प्रिंगबॅक म्हणतात. म्हणून तो मुद्दाम जरा जास्त वाकवतात. स्टेनलेस स्टील साध्या माइल्ड स्टीलपेक्षा जास्त उलगडतं, आणि त्याच ग्रेडचा नवा माल आला तरी फरक पडू शकतो. शिवाय वाकताना बाहेरची भिंत ताणून पातळ होते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडू शकतात. म्हणून पाइपच्या आत मँड्रेल, म्हणजे आधाराचा दांडा, घालतात. तो थोडा मागे राहिला तर वाक चपटा होतो, फार पुढे गेला तर बाहेरून फुगवटा उमटतो.

पहिला नग मोजून, चूक मँड्रेलची की कोनाची हे ओळखून दुसरा नग बरोबर काढणारा सेटर, हीच लहान कारखान्याची खरी गरज. त्याला लागणारं गणितही शाळेतलंच: ७५ मिलिमीटर त्रिज्येच्या ९० अंशांच्या वाकाला मध्यरेषेवर सुमारे ११७.८ मिलिमीटर लांबी लागते. दहावीचा कोणताही विद्यार्थी हे वहीवर पडताळू शकतो.

दहावीनंतर आयटीआयचे फिटर किंवा मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे, त्यामुळे आयटीआय म्हणजे शिक्षण थांबलं असं समजण्याचं कारण नाही. टूल आणि डायची गोडी असेल, तर छत्रपती संभाजीनगरची इंडो जर्मन टूल रूम पाहावी. १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप विद्यावेतनासह मिळते. ती टाळू नये.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी मुलाला घेऊन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जावं. मशीन चालू आहे का आणि एका विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास त्यावर स्वतः सेटिंग करायला मिळतं, हे विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी संस्था शोधावी.