नाव कोणी ठेवले?



‘अमेरिका-ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनी आदिवासींचा धर्म बदलला, तसाच तुमचाही बदलला,’ असे आपल्याला ऐकविणारे शिकलेले लोक भेटतात. तेव्हा नुसते रागावू नका. त्या देशांत काय घडले ते माहीत करून घ्या.

अमेरिकेत १८७९ साली कार्लाइल येथे आदिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. दूरदूरच्या वस्त्यांतून मुले आणून त्यांचे केस कापीत, मातृभाषा बंद करीत. ल्यूथर स्टँडिंग बेअर हा लाकोटा जमातीचा मुलगा पहिल्याच तुकडीत होता. पुढे त्याने लिहून ठेवले आहे की, फळ्यावर नावे लिहिलेली होती. हातात काठी देऊन त्याला एका नावावर टेकवायला लावली. ती अक्षरे त्याला वाचताच येत नव्हती. ‘ल्यूथर’ हे नाव असे पदरात पडले!

कॅनडात अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुले गेली; बहुतेक शाळा चर्चच्या हाती होत्या. ऑस्ट्रेलियात सरकारी अंमलदार आईच्या कुशीतून मूल उचलून नेत. या दोन्ही सरकारांनी २००८ साली संसदेत माफी मागितली. न्यूझीलंडची गोष्ट थोडी निराळी. तेथे माओरी लोकांशी १८४० साली करार झाला होता. तो पुष्कळदा मोडला गेला, तरी भांडायला हातात कागद होता. शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या मात्र बसल्याच. पुढे १९८२ पासून माओरी आज्या बालवाडीत बसून नातवंडांशी आपल्या भाषेत बोलू लागल्या, आणि १९८७ साली ती भाषा राजभाषा झाली.

(त्या लोकांपैकी कित्येक आज मनापासून ख्रिस्ती आहेत. त्यांच्या श्रद्धेला आपण खोटे म्हणू नये. आपला आक्षेप जबरदस्तीला आहे.)

आता आपले पाहा. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास घोषणा केली आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. एकवीस वर्षे अभ्यास आणि विचार! नागपूरला कोणाच्या पाठीशी सरकार नव्हते, की बंदूक नव्हती. उलट बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींवर पाणी सोडावे लागले. त्या १९९० साली परत मिळाल्या. आपल्या लोकांनी हे नुकसान सोसले, पण धम्म सोडला नाही.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर मुलांना जवळ बसवा. कचरू, धोंडू ही आजोबांच्या पिढीतील नावे आणि सिद्धार्थ, सुजाता ही आजची नावे कोणी, कधी, का ठेवली, ते घरातल्या आजीकडून त्यांना ऐकू द्या.