टेप घेऊन शिकवलेला कायदा

पर्यावरण कायदा शिकवायला लागले तेव्हा माझ्या टिपणवहीत सगळी मोठी तत्त्वं होती. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, धोका दिसताच खबरदारी घ्यावी, निसर्गसंपत्ती सरकारकडे विश्वस्ताच्या नात्याने असते. मुलं ती पाठ करत आणि पासही होत. पुढे संशोधनाच्या निमित्ताने गावं फिरले आणि ध्यानात आलं की पाण्याचा, जंगलाचा तंटा बहुतेक वेळा याहून लहान गोष्टींवर अडतो. कुठे एखादी व्याख्या, कुठे एखादं अंतर, कुठे नुसती तारीख. तेव्हापासून शिकवणं बदलत गेलं.

१. पहिला तास व्याख्यांना द्यावा.

दरवर्षी पहिल्या दिवशी विचारते, "बांबू झाड की गवत?" वनस्पतिशास्त्र गवत म्हणतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतच बांबू घातला होता. जंगलालगत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला बांबू तोडून विकायचा, तर वनखात्याच्या तोंडाकडे बघावं लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आणि त्यावरची मालकी हक्कदारांना दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, खात्याकडेच. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. वन कायद्यातल्या 'झाडा'तून बांबू वगळायला तर २०१७ साल उजाडलं. हे सांगितल्यावर व्याख्यांचं कलम मुलं सोडून देत नाहीत.

२. टेप बरोबर असावी.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. वर्गात हे वाचलं की कुणाला काही वाटत नाही. म्हणून एका उन्हाळ्यात मुलांना पुरंदर तालुक्यातल्या एका गावात नेलं. नळयोजनेची विहीर तळाला गेलेली आणि पलीकडच्या वावरात नवी बोअर. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला मनाई केली होती. तेवढं अंतर मोजायचं ठरलं.

तीस मीटरची टेप. एक मुलगी विहिरीच्या कठड्यावर बोट दाबून बसली, दुसरा टेप ओढत बांधावरून निघाला, तिसरी वहीत आकडे घेत होती. मध्ये बाभळीचं रान आणि ओढा. टेप ढिली पडायला लागली. सरळ रेषेत धरायचं की बांधाच्या वळणाने, यावर मुलांची जुंपली, कारण एका हिशेबाने अंतर ५०० च्या आत येत होतं आणि दुसऱ्याने बाहेर. मोटेवर उमेदीची वर्षं घालवलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "पोरी, वरनं काय मोजतीस? पाणी खालनं चालतंय. त्या खडकाची चीर हिकडंच उतरतीया."

मुलीने वही मिटली नाही, आजोबांचं वाक्य तारखेसकट उतरवून घेतलं. त्या वर्षीचा तिचा प्रबंध त्यावरच झाला: अंतराने मोजणारा कायदा आणि जलधराने, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराने, वाहणारं पाणी. २००९ च्या भूजल कायद्यात पाणलोट आणि जलधराचा विचार आला आहे, पण तो गावात उतरवायचा तर त्या आजोबांसारखी माणसं शोधावी लागतील, असं माझं ठाम मत आहे. याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी एकरावर नाही, घरातल्या माणशी ठरलं. भूमिहीनालाही वाटा होता, उसाला बंदी होती. कायद्याच्या पुस्तकाआधी मी आता हे शिकवते.

३. मजकुराआधी तारीख बघावी.

हे शिकायला मला एका गावाला मुकावं लागलं. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६०. पुढे दार बंद. गावकरी कागद घेऊन आले तेव्हा दिवस शिल्लक होते. मी अभ्यासपूर्ण टिपण करायला बसले, तीन आठवडे घेतले. टिपण चांगलं झालं, मुदत गेली. त्यांच्यातल्या ताई फोनवर एवढंच म्हणाल्या, "बरं, मॅडम." ते 'बरं' अजून कानात आहे.

४. नेलेलं परत द्यावं.

मुलं गावातून मुलाखती, सातबारे, ठरावांच्या नकला घेऊन येतात. शोधनिबंध इंग्रजीत छापला जातो आणि गावाला त्याचा पत्ता नसतो. आमच्याकडे आता मराठी प्रत ग्रामपंचायतीत वाचून दाखवल्याशिवाय प्रबंध स्वीकारत नाही. वाचताना निम्म्या चुका तिथेच कळतात.

५. निकालावर टाळ्या वाजवायच्या आधी वर्गाकडे बघावं.

गोव्याच्या खाणींवरचे निकाल मी हिरिरीने शिकवत असे. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणपट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते, त्यानंतरचं खोदकाम बेकायदा. राज्याने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, तेही ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने रद्द केलं. वर्ग खूश झाला. मागच्या बाकावरचा डिचोलीचा मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याच्या वडिलांचा ट्रक होता, खाणीपासून जेटीपर्यंत खनिज वाहणारा.

निकाल बरोबर होता, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून खडू त्याच्या हातात दिला. त्याने फळ्यावर आधी ट्रकच्या कर्जाचा हप्ता लिहिला. मग खाली एक चौकोन काढला, म्हणाला, हे आजीचं शेत. खाणीचा तांबडा गाळ पावसात तिथे उतरायचा. चौकोनात तो खडू आडवा धरून रंग भरत राहिला.